नाना पाटलांना भाकरी कोण देत होतं? वक्तृत्व स्पर्धांच्या संयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

संयोजक आणि सहपरीक्षक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवता शिकवता निवृत्त झाले आणि नोकरीत असल्यापासून आजतागायत सातारा-सांगली भागातल्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसत आले. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी, ९ ऑगस्टला क्रांतिदिन, मग १५ ऑगस्ट, मग २ ऑक्टोबर. पावसाळा लागला की आमंत्रणं यायला लागतात आणि विषयांच्या यादीत पहिला विषय ठरलेला असतो: 'स्वातंत्र्यलढ्यातील थोर व्यक्तिमत्त्वे'. या विषयावर मी किती मुलांना गुण दिले असतील, मोजदाद नाही. कित्येकांना भाषणं मीच लिहून दिली आहेत. तेव्हा हे पत्र लांब उभं राहून नावं ठेवायला लिहिलेलं नाही.

गेल्या क्रांतिदिनाची गोष्ट. सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की माइक असूनही मागच्या रांगेला ऐकू जात नव्हतं. पाचवीतल्या एका मुलाला घरच्यांनी फेटा बांधून, धोतर नेसवून क्रांतिसिंह नाना पाटील करून पाठवलं होतं. पोरगा गुणी. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग" म्हणून जो सुटला तो थेट प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना झुगारून आपल्या भागातल्या गावांनी चालवलेल्या कारभाराच्या, पत्र्यांपर्यंत, तळपायांवर मारायच्या त्या शिक्षेपर्यंत, न अडखळता पोचला. 'पत्री सरकार' म्हणताना त्यानं पाय असा आपटला की सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. माझ्या समोरच्या गुणपत्रिकेत पाठांतराला दहा, हावभावाला दहा, उच्चाराला दहा आणि आशयाला पाच असे रकाने होते. मी त्याला भरभरून गुण दिले. पहिला नंबर त्याचाच आला.

बक्षीस समारंभ संपला. चहा घेत होते, तेवढ्यात सातवीतली एक मुलगी जवळ आली. ती स्पर्धेत नव्हती, धाकट्या भावाला घेऊन ऐकायला आली होती. म्हणाली, "बाई, नाना पाटील चार वर्षं पोलिसांना घावले न्हाईत. मग त्यांना भाकरी कोण देत हुतं?"

मी म्हणाले, "लोक देत होते ना, बाळ."

"कुठले लोक?"

मला एकही नाव सांगता आलं नाही. नाना पाटलांची जन्मतारीख विचारली असती तर मी झोपेतही सांगितली असती: ३ ऑगस्ट १९००, येडेमच्छिंद्र. तलाठ्याची नोकरी त्यांनी १९३० मध्ये सोडली, हेही सांगितलं असतं. पण ज्या माणसाचा प्रभाव प्रभाव म्हणून आपण इतकी वर्षं मुलांकडून वदवून घेतो, तो प्रभाव ज्या दारांतून आत गेला त्यातलं एकही दार मला ठाऊक नव्हतं. मुलगी थोडा वेळ थांबली आणि भावाचा हात धरून निघून गेली. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

आधी नाना पाटलांबद्दलच बोलते, कारण ते आपल्या घरचे. आपल्या स्पर्धांतलं त्यांचं भाषण १९४२ ला सुरू होतं आणि १९४६ ला संपतं. जणू ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि दुसऱ्या दिवशी गावंच्या गावं त्यांच्या मागं उभी राहिली. असं होत नसतं. सत्यशोधक विचारांत वाढलेला हा माणूस १९३० पासून या मुलखात पायी हिंडत होता. सभेत तो पुस्तकी मराठी बोलायचा नाही. कर्ज काढून केलेल्या लग्नांबद्दल, सावकाराबद्दल, दारूबद्दल, गावातल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या जाचाबद्दल बोलायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माझ्याच घरातलं सांगतोय. मधल्या काळात तुरुंगाच्या वाऱ्या झाल्या. बारा वर्षांची ही पेरणी आपण भाषणातून वगळतो आणि मुलांना फक्त सुगी दाखवतो. १९४३ मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं, गावोगाव न्यायदान मंडळं बसली, बांधाची आणि वाटणीची भांडणं तिथं मिटू लागली, हुंडा न घेता हार घालून गांधी विवाह लागू लागले. लोकांनी कोर्टाची पायरी चढायचं सोडून या मंडळांसमोर जायचं ठरवलं, कारण बोलणारा माणूस त्यांनी बारा वर्षं पारखलेला होता.

आणि भाकरी? ती सोपी नव्हती, हे मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर नव्यानं वाचताना उमगलं. नाना भूमिगत झाले तेव्हा सरकारनं त्यांच्या घराला टाळं लावलं, जमीन जप्त केली. त्यांची मुलगी हौसाबाई. तिनं आणि तिच्या आजीनं ते दिवस कसे काढले हे तिनंच म्हातारपणी सांगितलं आहे. लोक काम द्यायला घाबरत, नातेवाईक बोलायला कचरत. शेवटी मामानं एक बैलजोडी आणि गाडी दिली. त्या गाडीतून गूळ, शेंगा, ज्वारी वाहून त्या भाड्यावर घर चाललं. म्हणजे ज्या माणसासाठी अख्खा मुलूख दारं उघडत होता, त्याच्याच घरच्यांना दार उघडायला शेजारी भीत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्या सहा मिनिटांच्या भाषणात दुसरी गोष्ट कधी येत नाही. पण ती आल्याशिवाय पहिलीची किंमत कळत नाही. रात्री कडी वाजल्यावर उठून तुफान सेनेच्या, प्रतिसरकारच्या लढाऊ दलाच्या, पोरांना वाढणाऱ्या बाईला पुरतं माहीत होतं, पकडले गेलो तर आपल्या घरालाही असंच टाळं लागेल.

हौसाबाईंचं पुढचं ऐका. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं मिळवायची होती. ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतोय असं सोंग उभं करायचं ठरलं. बायको झाल्या हौसाबाई. नवरा झालेल्या सहकाऱ्यानं हात राखून मारलं असतं तर पोलिसांना संशय आला असता, म्हणून त्यानं खरोखर मारलं. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात मागून साथीदारांनी बंदुका उचलल्या. तेव्हा त्यांचं वय सतरा-अठरा. आपल्या स्पर्धेत अकरावी-बारावीच्या गटात बसल्या असत्या. २०२१ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी त्या गेल्या. तोवर मी त्यांच्या जिल्ह्यात शेकड्यांनी भाषणं ऐकली होती. एकाही मुलानं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, आणि घ्या म्हणून मीही कुणाला सांगितलं नव्हतं. याची मला लाज वाटते.

कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी ही प्रतिसरकारमधल्या कार्यकर्त्यांची नावं निदान आपल्या भागात तरी मुलांना ऐकून माहीत असतात. पण ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवताना रुळांवर दगड रचणारे हात किती होते, त्या हातांत काय होतं, हे विचारून बघा. बहुतेकांना वाटतं, पिस्तुलं असणार. होते ते विळे, काठ्या आणि हातानं बनवलेले गावठी बॉम्ब.

पत्र्यांचंही एकदा नीट बोलू या. 'पत्री सरकार' हे शब्द आले की टाळ्या पडतात. पण शिक्षा कुणाला झाली, कुणी ठरवली, कधी चूक झाली का, बाजू मांडायला मिळाली का, हे प्रश्न सातवी-आठवीतलं पोर सहज विचारू शकतं आणि त्यानं ते विचारायला हवेत. न्यायदान मंडळ हे न्यायाचं नाव घेऊन उभं राहिलं होतं. त्याच्याकडे न्यायाच्याच नजरेनं बघितलं म्हणून त्या माणसांची उंची कमी होत नाही. मला तर उलट वाटतं, ज्यांनी कचेरी आणि कोर्ट नाकारून आपलं राज्य आपण चालवून बघितलं, त्यांना हा प्रश्न विचारणं हाच त्यांचा मान आहे.

आता लोकमान्य. १ ऑगस्टच्या स्पर्धेत दहातल्या आठ भाषणांत शेंगा आणि टरफलं असतात. गोष्ट गोड आहे, लहान गटाला शोभतेही. पण आठवी-नववीतला मुलगाही तिथंच थांबतो. मग 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे' ही गर्जना होते आणि घंटा वाजते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका हुशार मुलाला मी प्रश्नोत्तराच्या वेळी विचारलं, "टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत काय झालं?" तो गप्प. माझा सहपरीक्षकही माझ्याकडे बघत राहिला.

काय झालं ते लिहिते, कारण टिळकांचा प्रभाव मला सगळ्यात स्पष्ट तिथंच दिसतो. २२ जुलै १९०८ च्या रात्री उशिरा मुंबईच्या हायकोर्टात निकाल लागला. नऊ जणांची ज्यूरी होती, सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि मतं पडली सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावला. टिळकांना रातोरात मुंबईबाहेर हलवलं. आणि मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांनी ठरवलं, सहा वर्षांची शिक्षा म्हणजे सहा दिवसांचा संप, वर्षाला एक दिवस. गिरण्या बंद पडल्या, दुकानं बंद झाली, लष्कर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, कामगार मेले. यातले बहुतेक लोक कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेले, रोजंदारीवर जगणारे. सहा दिवस चूल कशी पेटली असेल? ज्याच्या 'केसरी'तला अग्रलेख यातल्या कितीतरी जणांना स्वतः वाचता येत नव्हता, कुणीतरी वाचून दाखवायचा आणि बाकीचे ऐकायचे, त्या माणसासाठी हे लोक गोळीसमोर उभे राहिले. प्रभाव म्हणायचा तो हा. ज्या मुलाच्या भाषणात टिळक आहेत पण हे सहा दिवस नाहीत, त्याच्या भाषणात टिळक अर्धेच आहेत. आणि दोष मुलाचा नाही. भाषण आपण लिहून देतो.

याच संदर्भात मनात सलत असलेली एक गोष्ट सांगते. कुठली स्पर्धा, कोण माणूस, ते सांगणार नाही. नववीतल्या एका मुलीनं टिळकांवरच बोलताना मध्येच सांगितलं की १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला होता. या कायद्यानं मुलींचं संमतीचं वय १० वरून १२ केलं. ती पुढं म्हणाली, "मला लोकमान्य फार आवडतात, पण या ठिकाणी मला आगरकर बरोबर वाटतात." शांतपणे, आदरानं म्हणाली. माझ्या शेजारचे परीक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "गुण कापा, महापुरुषांचा अवमान आहे." मी तिचे गुण कापले नाहीत. पण वादही घातला नाही. सरासरीत ती चौथी आली आणि तिला काहीच मिळालं नाही. आज तो प्रसंग परत आला तर मी उठून उभी राहीन.

कारण टिळक आणि आगरकर यांचं नातं मुलांना सांगायचं तर ते असंच सांगावं लागतं. दोघांनी मिळून शाळा काढली, 'केसरी' उभा केला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या दिवाणावर केलेल्या टीकेवरून झालेल्या खटल्यात १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. आणि मग आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा यावरून दोघं इतके दुरावले की आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. पुढं १९०७ ला सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळ फुटले. सगळे थोर पुरुष एका रांगेत उभे राहून एकाच दिशेला बघतायत असं चित्र शाळेच्या भिंतीवर शोभतं, पण तसा लढा कुठल्याच देशात झालेला नाही. ती माणसं एकमेकांशी भांडली, लेख लिहून भांडली, सभेत भांडली. त्यातूनच आपल्याला मतभेद करायची वाट मिळाली. वक्तृत्व स्पर्धेत मतभेदालाच जागा नसेल तर मुलं बोलायला तरी कशाला शिकतात?

गांधीजींच्या भाषणात दांडीयात्रा येते. १२ मार्च ते ६ एप्रिल १९३०, तारखा पाठ असतात. पण मीठच का, असा प्रश्न मी एकदा टाकला तेव्हा उत्तर आलं, "कारण ते समुद्रावर गेले होते." मुलाला दोष देऊ नका. मिठाचा कर श्रीमंतालाही द्यावा लागायचा आणि उपाशी माणसालाही, प्रत्येक चुलीपर्यंत तो पोचलेला होता, म्हणून ते मूठभर मीठ देशातल्या प्रत्येक बाईला कळलं. हे आपणच त्याला सांगितलं नव्हतं. आणि जिथं समुद्रच नाही तिथल्या लोकांनी काय करायचं? महाराष्ट्रानं त्याचं उत्तर शोधलं. कोकणात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तर आत डोंगराकडे जंगल सत्याग्रह सुरू झाले: वऱ्हाडात पुसद, आपल्याकडे बिळाशी, रायगडात चिरनेर. सरकारी जंगलातलं गवत, लाकूड तोडायचं आणि कायदा मोडायचा. हाक एका माणसानं दिली, पण आपल्या मातीत ती कशी लागू पडेल हे गावातल्या माणसांनी ठरवलं. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला आणि तिथले आगरी, कातकरी शेतकरी, मजूर त्यात बळी पडले. यांच्यावर बोलायला कुठला विषय आहे आपल्या यादीत?

सोलापूरचे चार हुतात्मे यादीत कधीतरी येतात, पण चारही नावं न चुकता घेणारी मुलं मी फार थोडी पाहिली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा गांधी टोपी घालणं आणि तिरंगा मिरवणं गुन्हा ठरला होता. एका अख्ख्या शहरानं डोक्यावरच्या टोपीसाठी मार खाल्ला. हे चौघे त्या शहराचे आहेत, त्या शहरापासून तोडून त्यांना नुसतं फोटोत बसवू नका.

शिरीषकुमारचं तसंच. नंदुरबारच्या या पंधरा वर्षांच्या मुलाचं भाषण लहान गटात हमखास असतं आणि ऐकताना माझे डोळे आजही भरून येतात. पण ९ सप्टेंबर १९४२ ला त्याच्याबरोबर आणखी चौघे पडले: लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. ही चार नावं घ्यायला सहा सेकंद लागतात. आणि त्याच दिवशी, त्याच ९ सप्टेंबरला, आपल्या वडूजला मोर्चावर गोळीबार झाला आणि मोर्चाच्या पुढं असलेले परशुराम घार्गे धारातीर्थी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूर. नंदुरबार आणि वडूज एकाच दिवशी का पेटलं, यामागं कुठला निरोप होता, कोण तो घेऊन हिंडत होतं, यावर एखाद्या मुलानं पंधरा दिवस घालवले तर मी त्याला हावभावाचे दहाच्या दहा गुण न बघता देईन.

निरोपावरून उषा मेहता आठवल्या. नेते सगळे ९ ऑगस्टला गजाआड गेल्यावर मुंबईत या विशीतल्या मुलीनं आणि तिच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना हुलकावणी देत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला, चार वर्षांची सजा झाली. पुढारी तुरुंगात असताना लढा कसा चालू राहतो, याचं यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एकच माणूस सांगते, कारण तो आपल्या स्पर्धांत जवळजवळ येतच नाही. गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिचा एक नियम होता. सभासद व्हायचं तर निदान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे नुसतं 'मी जनतेच्या वतीनं बोलतो' असं म्हणून चालणार नाही, तुम्हाला बोलायला कुणी सांगितलं ते कागदावर दाखवा. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीच्या पोशाखात मिरवत असताना हा माणूस स्वदेशी खादी नेसून गेला. पण मला त्या पोशाखापेक्षा ते मुखत्यारपत्र मोठं वाटतं. प्रभावी व्यक्ती कोण, याची कसोटी त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे: तुझ्यामागं कोण आहे, आणि त्यानं स्वतःच्या हातानं सही केली आहे का.

आता विनंती करते. यंदा विषय देताना नुसतं 'थोर व्यक्तिमत्त्वे' लिहू नका. 'नाना पाटील आणि त्यांना थारा देणारी गावं', 'टिळकांची शिक्षा आणि गिरणी कामगारांचे सहा दिवस', 'मीठच का?', 'मला न पटलेला एक निर्णय' असे विषय द्या. मुलांना ते जड जातील असं तुम्ही म्हणाल. मी चार-पाच मुलांवर करून पाहिलं, जड गेले ते त्यांच्या शिक्षकांना. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला लागली.

गुणपत्रिका बदला. पाठांतराला दहा आणि आशयाला पाच हे गणित उलटं करा. प्रश्नोत्तरं ठेवा, आणि जो मुलगा 'हे मला माहीत नाही, शोधून सांगतो' म्हणेल त्याचे गुण कापू नका. पाठ केलेलं विसरून मध्येच थांबलेल्या मुलाला आपण आजवर जे वागवलं ते फार कठोर होतं. एका मुलीला मंचावरून रडत उतरताना मी पाहिलं आहे आणि पुढच्या स्पर्धकाचा क्रमांक पुकारला आहे.

आणि राज्यात जागोजागी जी हुतात्मा स्मारकं आहेत, त्यातल्या आपल्या तालुक्यातल्या स्मारकावर स्पर्धेच्या आधी एक दिवस मुलांना न्या. बहुतेक ठिकाणी कुलूप असतं, किल्ली कुणाकडं आहे हे शोधायलाच अर्धा दिवस जातो. जाऊ दे. आत दगडावर नावं कोरलेली असतात. एका मुलानं एक नाव निवडावं आणि ते घर अजून गावात आहे का, कुणाला आठवतं का, एवढंच विचारून यावं. हाती काहीच लागलं नाही तर 'मला काही सापडलं नाही, पण मी या या घरी गेलो होतो' एवढंच सहा मिनिटं सांगावं. मी ऐकेन.

ती सातवीतली मुलगी आता आठवीत असेल. तिच्या शाळेत मी मे महिन्यात निरोप पाठवला आहे, भावाला घेऊन ये म्हणून. नाना पाटलांना भाकरी देणाऱ्यांपैकी जी दोन-तीन घरं मला आतापर्यंत विचारून विचारून कळली, ती तिला दाखवायची आहेत. एका घरात त्या वेळची सून म्हणून आलेली आजी अजून आहे. तिला नीट ऐकू येत नाही, पण रात्री किती जण यायचे, कुठल्या परातीत पीठ मळायचं आणि चुलीचा जाळ बाहेर दिसू नये म्हणून दाराला काय लावायचं, हे ती सांगते.

यंदाच्या क्रांतिदिनाला तुमचं बोलावणं आलं तर मी येईनच. विषयपत्रिका छापायला देण्याआधी एकदा फोन करा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका